थोरांच्या उड्या

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आपल्याकडील जुन्या घरांतून दिवाणखान्याच्या भिंतीवर पूर्वजांचीं छायाचित्रें टांगलेलीं असतात. तीं एकदां नीट न्याहाळून पाहावीं. पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले आहेत. मस्तकीं पगडी, खांद्यावर उपरणें, एक हात गुडघ्यावर आणि दुसरा शेजारच्या तिवईवरील जाडजूड पुस्तकावर. तें पुस्तक त्यांनीं जन्मांत कधीं उघडलें होतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा! मुद्रेवर हंसूं नाहीं, राग नाहीं, लोभ नाहीं. एखाद्या खटल्यांत साक्षीस उभें केल्यासारखे ते समोर पाहत आहेत. घरांतलीं वृद्ध माणसें मात्र सांगतात कीं, पणजोबा मोठे मिष्किल होते, नकला करून अवघी पंगत हंसवीत. मग तो मिष्किलपणा त्या चौकटींत कां उतरला नाहीं?

ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर यंत्रांत आहे आणि अर्धें माणसाच्या स्वभावांत आहे. प्रथम यंत्राचा विचार करूं. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर यानें आपली छायाचित्रणाची कृति जगापुढें मांडली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. पुढें तो वेळ कमी होत गेला. तरी चित्र काढून घेणाऱ्याचें डोकें हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी चिमटा लावण्याची चाल बरींच वर्षें टिकून होती. मनुष्य हलला कीं चित्र पुसट झालेंच! अशा स्थितींत कोण हंसणार? हंसूं हें पाण्यावरील तरंगासारखें. तें मिनिटभर धरून ठेवावयाचें म्हटलें तर त्याचें हंसूं राहत नाहीं, वेडावणें होतें. म्हणून गंभीर मुद्रा हीच सोयीची ठरली, आणि सोयीची गोष्ट पुढें प्रतिष्ठेची झाली.

यंत्राची ही अडचण क्रमाक्रमानें दूर झाली. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज नांवाच्या गृहस्थानें ओळीनें बारा कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं आणि घोड्याचे चारीही पाय एका क्षणीं जमिनीवरून उचललेले असतात हें सिद्ध केलें. १९०५ सालीं फ्रान्समधील लार्तिग नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलानें घराच्या पायऱ्यांवरून उडी घेणारी आपल्या नात्यांतली एक बहीण अधांतरीं टिपली. १९३१च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत एजर्टन या अध्यापकानें विजेचा असा लखलखाट सिद्ध केला कीं, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिके. मग बंदुकीची गोळीही चित्रांत थांबूं लागली. यंत्राकडून आतां कांहीं हरकत उरली नाहीं.

तरीही माणूस काठी गिळल्यासारखा बसतो तो बसतोच! याचें कारण उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्यांत आहे. मीं माझें सारें आयुष्य शाळामास्तरकींत घालविलें. दर वर्षीं निरोपसमारंभाच्या वेळीं वर्गाचें एकत्र छायाचित्र निघे. छायाचित्रकार "तयार! हलूं नका!" असें ओरडला कीं वर्षभर माकडांसारखीं उड्या मारणारीं मुलें एकाएकीं चाळीस पुतळे होत. कळ दाबली जाई, आणि लगेच कोणी टोपी उडवी, कोणी पुढच्याची शेंडी ओढी, कोणी बाकावरून धडपडे. माझा वर्ग म्हणून मी ज्यास ओळखीत असें, तो वर्ग ह्या दुसऱ्या क्षणीं प्रकट होई. पण कॅमेरा तोंवर मिटलेला असे. भिंतीवर लागे तो पहिला क्षण. पाहिलें जात आहे एवढें कळतांच माणूस चेहऱ्यावर कांहीं तरी ओढून घेतो. लहान मूल थोडें ओढतें, मोठा मनुष्य अधिक, आणि ज्याची जगांत कीर्ति झाली आहे तो सर्वांत अधिक. त्याचा मुखवटा हजार वेळां छापून आलेला असतो. तो त्यास त्वचेप्रमाणें चिकटून बसतो.

हा मुखवटा क्षणभर तरी गळून पडावा म्हणून एका छायाचित्रकारानें जी अजब युक्ति योजिली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव फिलिप हॅल्समन. युक्ति एवढीच कीं, जगांतील मोठमोठ्या स्त्रीपुरुषांचें रीतसर चित्र काढून झालें कीं तो त्यांस नम्रपणें विचारी, "आपण माझ्यासाठीं एक उडी माराल काय?"

ऐकून हंसूं येतें. पण ही युक्ति ज्याच्या डोक्यांतून निघाली त्याचें पूर्वायुष्य हंसण्यासारखें नव्हतें. हॅल्समनचा जन्म १९०६ सालीं बाल्टिक समुद्राकांठच्या रिगा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. वडील दांतांचे वैद्य होते. मुलगा जर्मनींतील ड्रेस्डेन येथें विजेच्या यंत्रविद्येचा अभ्यास करीत होता. सप्टेंबर १९२८ मध्यें पितापुत्र ऑस्ट्रियांतील टिरोलच्या डोंगरांत पायीं हिंडावयास गेले असतां वाटेंत वडिलांचा मृत्यु झाला. प्रत्यक्ष घडतांना पाहिलेला कोणी साक्षीदार नव्हता. त्या मुलुखांत ज्यूंविषयीं द्वेष भरलेला. बावीस वर्षांचा हा परका तरुण पितृहत्येच्या आरोपावरून इन्सब्रुकच्या न्यायालयापुढें उभा राहिला आणि केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरला. फेरसुनावणींत शिक्षा कमी झाली, पण कलंक धुतला गेला नाहीं. त्याची बहीण लिउबा हिनें युरोपांतील विचारवंतांचीं दारें ठोठावलीं. आइन्स्टाइन, फ्रॉइड, टॉमस मान यांसारख्यांनीं त्याची बाजू घेतली, आणि १९३० सालीं, देश सोडून जावें या अटीवर, त्याची सुटका झाली.

पुढें पॅरिसमध्यें त्यानें छायाचित्रकार म्हणून नांव मिळविलें. १९४० सालीं जर्मन फौजा फ्रान्समध्यें घुसल्या, तेव्हां आइन्स्टाइनच्याच खटपटीनें त्यास अमेरिकेचा परवाना मिळाला. न्यू यॉर्कला उतरला तेव्हां त्यास तेथें कोणी ओळखीत नव्हतें. १९४२ सालीं 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचें पहिलें चित्र झळकलें, आणि सगळा हिशेब केला तर त्याच्या कॅमेऱ्यानें त्या पत्राचीं १०१ मुखपृष्ठें सजविलीं. इतकीं दुसऱ्या कोणाच्याही वांट्यास आलीं नाहींत.

उड्यांचा आरंभ १९५२ सालीं झाला. मोटारींचे सुप्रसिद्ध कारखानदार फोर्ड यांच्या घराण्याचें चित्र काढण्याचें काम त्याजकडे आलें होतें. लहानमोठीं सर्व मंडळी एका चौकटींत बसवितां बसवितां तो थकून गेला. काम आटोपल्यावर फराळपाणी चाललें असतां घरांतील वडीलधाऱ्या बाईंस, म्हणजे एड्सल फोर्ड यांच्या पत्नीस, त्यानें विचारलें, "आपलें उडी मारतांनाचें चित्र घेऊं काय?" बाई चकित झाल्या. एवढ्या उंच टाचांच्या जोड्यांनिशीं उडी मारूं कीं काय, असें त्यांनीं विचारलें. आणि मग जोडे काढून ठेवून खरोखरच उडी मारली! तें पाहून त्यांच्या सूनबाईंसही हुरूप आला. त्या दिवसापासून हॅल्समननें हा परिपाठच ठेविला.

सहासात वर्षांत त्याच्यापुढें कोणी कोणी उड्या मारल्या, त्याची यादी मोठी मौजेची आहे. रिचर्ड निक्सन उपाध्यक्ष असतांना १९५५ सालीं प्रत्यक्ष व्हाइट हाउसमध्यें उडाले. विंडसरचे ड्यूक आणि डचेस यांनीं १९५६ सालीं जोडे काढून जोडीनें उडी घेतली. हे ड्यूक म्हणजे राज्यत्याग केलेले आठवे एडवर्ड. १९२१ सालीं युवराज म्हणून ते मुंबईस उतरले, तेव्हां शहरांत एकीकडे सरकारी थाटाचें स्वागत आणि दुसरीकडे कडकडीत बहिष्कार व दंगा झाला होता. बग्गीत बसलेली ती राजमुद्रा आणि पायमोज्यांवर उडालेले हे वयस्क गृहस्थ एकच होत, हें सांगितल्यावांचून कोणास पटूं नये. ऑड्रे हेपबर्न, ग्रेस केली यांसारख्या सिनेनट्या उडाल्या. न्यायाधीश लर्नेड हँड हे अमेरिकेंतील मोठे कायदेपंडित. त्यांस हॅल्समननें हीच विनंति केली तेव्हां त्यांचें वय ८७ होतें. त्यांनींही उडी मारली. कांहींनीं नकार दिला, पण ते थोडे. १९५९ सालीं ह्या उड्यांचें पुस्तक निघालें, आणि ह्या शास्त्राचें त्यानें थट्टेनें 'उडीशास्त्र' अशा अर्थाचें नांवही ठेविलें.

आतां येथें एका जुन्या मास्तरास गणित सांगण्याचा मोह आवरत नाहीं. श्रोत्यांनीं क्षमा करावी. एक फूट उंच उडी मारणारा मनुष्य हवेंत किती वेळ असतो? फक्त अर्धा सेकंद. वृद्ध मनुष्य तीन इंच उडाला तर त्याच्या निम्मा, म्हणजे पाव सेकंद. पण यांत एक गंमत आहे. वर जातांना वेग कमी कमी होत जातो, माथ्यावर तो शून्य होतो आणि मग उतरण लागते. त्यामुळें उडीचा निम्मा वेळ तिच्या वरच्या चौथ्या हिश्शांतच जातो. फूटभर उडींतील वरच्या तीन इंचांत माणूस पाव सेकंद रेंगाळतो. म्हणूनच त्या चित्रांत मंडळी धडपडतांना न दिसतां अधांतरीं निवांत टांगल्यासारखीं दिसतात. कळ दाबणाऱ्याचें सारें कसब तो पाव सेकंद ओळखण्यांत.

आणि त्या पाव सेकंदांत काय होतें? हॅल्समनचें म्हणणें असें कीं, उडी मारणाऱ्याचें सारें लक्ष उडीकडे लागतें, चेहरा सांवरण्यास तें शिल्लक राहत नाहीं. तेव्हां मुखवटा गळतो आणि खरा मनुष्य दिसतो. ह्यांतील पहिला भाग निःसंशय खरा आहे. तोल सांभाळणें हें शरीराचें पहिलें काम. प्रतिष्ठा सांभाळणें हें फार मागाहूनचें. तोल जाऊं लागला म्हणजे सभेचा अध्यक्षही आधीं हात पसरतो, मग उपरणें सांवरतो.

पण दुसऱ्या भागाविषयीं मला थोडें थांबून विचार करावासा वाटतो. हॅल्समन पुढें जाऊन सांगूं लागला कीं, हात कोठें, पाय कसे, यावरून माणसाचा स्वभाव ओळखतां येतो. हें तो निम्में गमतीनें म्हणे, निम्में मनापासून. त्याच्याच दोन अनुभवांनीं ह्या म्हणण्याची परीक्षा होते.

पहिला अनुभव ओपेनहायमर यांचा. अणुबाँब तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचे हे प्रमुख. संस्कृत शिकून भगवद्गीता मुळांतून वाचणारे. १९५८ सालीं त्यांनीं एक हात सरळ वर उंचावून उडी मारली आणि मग विचारलें कीं, यावरून माझ्याविषयीं काय अनुमान काढतां? हॅल्समन म्हणाला, आपला हात वरचा मार्ग दाखवीत आहे. जणूं आपणांस एखादी नवी दिशा, नवें ध्येय दाखवावयाचें आहे. ओपेनहायमर हंसून म्हणाले, छे, मी नुसता वर पोंचावयास पाहत होतों! ह्या एका उत्तरानें ज्योतिषाचा डोलारा खालीं येतो. हात वर गेला एवढें सत्य. बाकीचा अर्थ पाहणाऱ्याच्या पदरचा.

दुसरा अनुभव मर्लिन मन्रो हिचा. १९५४ सालीं तिनें त्याच्यापुढें उडी मारली ती अगदीं लहान मुलीसारखी, पाय मागें दुमडून. तिच्यासारख्या जगप्रसिद्ध रूपवतीकडून त्यास निराळी अपेक्षा होती. तो म्हणाला, उडींत आपला स्वभाव थोडा अधिक उतरूं द्या. हें ऐकतांच ती थिजली. माझ्या उडींवरून माझा स्वभाव कळतो, असें का तुमचें म्हणणें, एवढें विचारून ती उभी राहिली ती राहिलीच, पाय उचलेना. पुढें पांच वर्षांनीं, १९५९ सालीं, तिनें पुनः उड्या मारण्याचें मान्य केलें, आणि त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर तिचें उडीचें चित्र आलें. त्या बैठकींतील एका चित्रांत तर ती आणि हॅल्समन हातांत हात धरून बरोबरच उडालेलीं आहेत.

श्रोतेहो, ह्या प्रसंगाचा मर्म शिक्षकास चटकन कळतो. मधल्या सुटींत जो मुलगा चिंचेच्या झाडाखालीं मित्रांस पानिपताची लढाई रंगवून सांगतो, तोच तोंडी परीक्षेंत सदाशिवरावभाऊंचें नांव विसरतो. ज्ञान तेंच, मुलगा तोच. मधें फक्त 'तुला जोखलें जात आहे' ही जाणीव येऊन उभी राहते. उडी खेळ होती तोंवर मन्रो उडाली. उडीची परीक्षा झाली त्या क्षणीं पाय जमिनीस खिळले. आणि पुनः उडाली तीं चित्रें पाहिलीं, तर एकांत परीक्षकच तिच्याबरोबर उडालेला दिसतो! मुखवटा उतरतो तो कोणी स्वभाव ओळखावयास बसला म्हणून नव्हे. ओळखणारा घटकाभर बाजूस झाला म्हणून.

मला येथें राहून राहून इन्सब्रुकचें तें न्यायालय आठवतें. ज्या तरुणास परक्या लोकांनीं तर्कावरून बापाचा मारेकरी ठरविलें, त्यानेंच पुढें माणसांच्या हातापायांवरून त्यांचा स्वभाव सांगावा, ही दैवाची विचित्र लीला आहे. पण त्याच्या बाजूनें एक गोष्ट मोठी आहे. न्यायालयानें त्याच्या अंगीं नसलेला दोष चिकटविला. त्यानें मात्र समोरच्या माणसास अधिक हलका, अधिक मोकळा करण्याचाच यत्न केला. पुस्तक चाळणारा कोणाविषयींही वाईट मत घेऊन उठत नाहीं. निक्सन पुढें १९७४ सालीं अपकीर्ति होऊन पदावरून गेले. तरी त्या उडींत ते केवळ एक अवघडलेले, पण हौसेनें उडणारे गृहस्थ आहेत.

अशाच खेळाचा कळस म्हणजे चित्रकार साल्वादोर दाली याचें १९४८ सालचें चित्र. अणूंतील कण एकमेकांस न शिवतां तरंगत असतात, तद्वत् सर्व वस्तु अधांतरीं दाखवावयाच्या, ही कल्पना. चित्रफळे तारांनीं टांगले; हॅल्समनच्या पत्नीनें खुर्ची उचलून धरली; तिघां मदतनिसांनीं तीन मांजरें आणि चौथ्यानें बादलीभर पाणी भिरकावलें; आणि आंकडे मोजून दालीनें उडी घेतली. प्रथम पाण्याऐवजीं दूध फेंकण्याचा विचार होता. परंतु महायुद्धांत लोकांनीं सोसलेली टंचाई ताजी होती, दुधाची नासाडी कोणास रुचली नसती, म्हणून तो सोडला. प्रत्येक खेपेस हॅल्समन अंधारखोलींत जाऊन चित्र तपासी, तोंवर इतर मंडळी फरशी पुसून मांजरें कोरडीं करीत. असें पांचसहा तास चाललें, आणि अठ्ठाविसाव्या खेपेस मनासारखें चित्र साधलें. मांजरांचें मत कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तर पहिल्या खेपेसच काम थांबलें असतें! असो. पण पाहणाऱ्यास सहज खेळ वाटावा यासाठीं किती घाम गाळावा लागतो, हें यावरून दिसतें.

मात्र उडी हेंच सत्याचें एकमेव दार आहे असें कोणी समजूं नये. हॅल्समनचें सर्वांत थोर चित्र मला विचाराल तर तें उडीचें नाहीं. तें १९४७ सालीं काढलेलें आइन्स्टाइनचें. पांढरे विस्कटलेले केस, साधी विणलेली बंडी, आणि कॅमेऱ्याकडे पाहणारे ते खोल, खिन्न डोळे. अणुबाँबसंबंधीं बोलणें निघालें असतां तो खेद चेहऱ्यावर उमटला आणि हॅल्समननें तो टिपला. १९६६ सालीं अमेरिकेच्या टपालाच्या तिकिटावर तेंच चित्र आलें. येथें कोणी हललें नाहीं, कोणी हंसलें नाहीं. तरी मुखवट्याचा मागमूस नाहीं. कारण येथेंही त्या मनुष्याचें लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे नव्हतें. तें जगाच्या चिंतेंत गढलें होतें. ज्या थोर पुरुषानें दोन वेळां त्यास वांचविलें, त्यास त्यानें उडी मारावयास सांगून हलकें केलें नाहीं. त्याचें दुःख होतें तसें जपून ठेविलें. कोणास हंसवावें आणि कोणापुढें गप्प राहावें, हा विवेक कॅमेऱ्यांत नसतो, तो कॅमेऱ्यामागच्या माणसांत असतो.

आज छायाचित्र काढण्यास खर्च नाहीं, वेळ नाहीं, विद्याही नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत यंत्र आहे आणि घटकेघटकेस चित्रें निघत आहेत. पण गंमत पाहा, माणसें पुनः पणजोबांसारखीं होऊं लागलीं आहेत. कॅमेरा दिसतांच ठराविक कोनांत मान, ठराविक हंसूं, दोन बोटांची ठराविक खूण. पणजोबांचा मुखवटा गंभीर होता, आमचा हंसरा आहे, एवढाच फरक. मानेमागचा लोखंडी चिमटा गेला आणि मनांतला शिरला.

म्हणून माझी विनंति इतकीच. आपल्या घरांतलीं आजी-आजोबा आहेत, थकलेले वडील आहेत, परगांवीं निघालेला मुलगा आहे. त्यांचें चित्र घ्याल तेव्हां "इकडे पाहा, हंसा" असें सांगूं नका. आजीस लोणच्याच्या बरणीला दादरा बांधूं द्या, आजोबांस नातवाशीं पत्त्यांत लबाडी करूं द्या, आणि गुडघे साथ देत असतील तर वडिलांस खुशाल एक उडी मारावयास सांगा. त्यांचें लक्ष दुसरीकडे लागूं द्या. आणि आपलेंही लक्ष त्यांस जोखण्याकडे नको, त्यांच्यावर माया करण्याकडे असूं द्या. मग पाव सेकंद पुष्कळ झाला. पन्नास वर्षांनीं भिंतीकडे पाहून कोणा पोरानें विचारलें कीं, हे पणजोबा कसे होते, तर त्यास उत्तर सांगण्यास कोणा वृद्धाची गरज पडूं नये.